शिफ्ट-डिलीटने उडालेलं फोल्डर: आधी डिस्क कोणती ते बघा

डी ड्राइव्हवरचं फोटो आणि वर्ड फाइल्सचं फोल्डर शिफ्ट-डिलीटने गेलं, रिसायकल बिन रिकामी, आणि रिकव्हरीची दोन सॉफ्टवेअर तुम्ही डी वरच उतरवून घेतलीत. तिसरं उतरवू नका. डी वर आता काहीच लिहिलं जाता कामा नये.

फाइल डिलीट केली की विंडोज मजकूर पुसत बसत नाही. एनटीएफएस म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडण्याची विंडोजची पद्धत; तिच्या मुख्य तक्त्यातल्या त्या फाइलच्या नोंदीवर ‘वापरात नाही’ अशी खूण होते आणि तिची जागा मोकळी समजली जाते. मजकूर तिथेच पडून असतो, दुसरं काही त्यावर येईपर्यंत. तुम्ही उतरवलेलं सॉफ्टवेअर नेमकं त्याच जागेवर जाऊन बसलं असेल, तर तेवढं गेलं. सी वर काम चालू ठेवलंत तर डी चं बिघडत नाही, विभाग वेगळा आहे. फाइल्स सी वर असत्या तर मात्र संगणक लगेच बंद करा म्हणालो असतो, कारण विंडोज तिथे सतत काहीतरी लिहीत असतं.

पण हे सगळं फिरत्या हार्ड डिस्कचं झालं. एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर गणित पार वेगळं. विंडोज ७ पासून डिलीट होताच ‘ट्रिम’ची सूचना एसएसडीला जाते आणि ती जागा आतून मोकळी केली जाते. त्यानंतर वाचायला गेलं तर बहुधा नुसती शून्यं मिळतात. यात फसगत अशी की रेकुवा हे रिकव्हरीचं फुकट सॉफ्टवेअर ‘फाइल शाबूत’ म्हणून हिरवा ठिपका दाखवतं, नाव बरोबर, आकार बरोबर, आणि फाइल उघडत नाही. म्हणून आधी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कचा प्रकार बघा.

हार्ड डिस्क असेल तर रेकुवा सी वर किंवा पेनड्राइव्हवर टाकून डी तपासा. सापडलेल्या फाइल्स कुठल्याही परिस्थितीत डी वर सेव्ह करायच्या नाहीत. मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरीही फुकट आहे, फक्त कमांड टाइप करायची तयारी हवी.

नावासकट काही मिळालं नाही तर शेवटी फोटोरेक हे रिकव्हरी सॉफ्टवेअर. ते तक्ता बघतच नाही, फाइलच्या सुरुवातीची ओळखखूण शोधत अख्खी डिस्क चाळतं. मी एकदा चालवलं तेव्हा हजारो बेनाव फाइल्स हाती आल्या. त्यात वेबसाइटची चिमुकली चित्रंही होती, निवडण्यात दोन संध्याकाळी गेल्या. काही फोटोंचा खालचा अर्धा भाग करडा निघाला, कारण ते डिस्कवर तुकड्यांत विखुरलेले होते. फोटो निदान अर्धा तरी दिसतो. वर्डची नव्या प्रकारची (.docx) फाइल म्हणजे मुळात झिपचं गाठोडं, त्यातला तुकडा हरवला की ती बहुतेक वेळा उघडायलाच नकार देते.

आणि हो, हे फोल्डर वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हशी जोडलेलं होतं का? असेल तर ब्राउझरमधून तिथली कचरापेटी आजच बघा. खाजगी खात्यात ३० दिवसांनी ती आपोआप रिकामी होते.

डिस्क टक-टक आवाज करत असेल तर यातलं काहीही चालवू नका, तो आजार वेगळा आहे. नसेल, तर डिस्कचा प्रकार आणि डिलीट केल्यापासून डी वर काय काय केलंत ते लिहा, पुढचं सांगतो.