रेशन राज्य सरकारचं, मग महापालिकेला अन्नधोरण कशाला?

रेशन राज्याचं, शेती खेड्यातली, मग लोकांना परवडणारं, ताजं अन्न मिळतंय का हे बघण्याशी महापालिकेचा संबंध काय, असं तुम्ही विचारलंय. मलाही तसंच वाटायचं. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोन्तेबद्दल वाचलं आणि मत बदललं.

1993 साली पात्रुस अनानियास तिथे महापौर झाले. अन्न हा नागरिकाचा हक्क म्हणत पालिकेत त्यासाठी वेगळं खातंच उघडलं. मला सगळ्यात आवडली ती जागेची युक्ती. मोक्याच्या जागा पालिकेच्या हातात होत्या. त्या खासगी भाजीविक्रेत्यांना दिल्या. अट अशी की वीसेक जिन्नस पालिकेने ठरवलेल्या भावाने विकायचे, बाकीचा माल आपल्या भावाने. आणि शनिवार-रविवारी गाडी भरून कडेच्या गरीब वस्त्यांत जायचं. म्हणजे मदत रोखीत नाही, जागेच्या रूपात. शिवाय 45 वस्तूंचे दुकानोदुकानचे भाव बसथांब्यांवर लावायचे, म्हणजे कोण महाग विकतो ते सगळ्यांना कळतं.

स्वस्त भोजनालयंही काढली, पण दाखला कुणाकडेच मागायचा नाही. कारकून आणि हमाल एकाच रांगेत, त्यामुळे ताट घ्यायला कुणाला लाज नाही. आपली 2020 मधली 10 रुपयांची शिवभोजन थाळी याच जातकुळीची, फक्त ती राज्याची. बेलो होरिझोन्तेत या सगळ्याला पालिकेच्या अंदाजपत्रकाचे 2 टक्केही लागत नव्हते.

आता आपल्याकडे बघा. मंडया पालिकेच्या, शाळा पालिकेच्या, ओला कचरा उचलते तीही पालिकाच. पुण्याची मंडई तर 1886 पासूनची. (तिच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाला द्या म्हणून. आज नाव त्यांचंच आहे!) 2014 च्या कायद्याने पथविक्रेत्यांची समितीही पालिका आयुक्तांच्याच अध्यक्षतेखाली, आणि तिच्यात किमान 40 टक्के माणसं विक्रेत्यांची.

हत्यारं सगळी आहेत, पण प्रत्येक वेगळ्या खात्याच्या कपाटात. अतिक्रमण विभाग हातगाडी उचलतो तेव्हा मागच्या वस्तीत उद्या मेथी कोण नेणार, हा प्रश्न त्या कारवाईच्या कागदावर नसतोच.

नगरसेवकाला भेटणार असाल तर मोठी योजना मागू नका. प्रभागाचा नकाशा मागा: ताजी भाजी कुठे मिळते, आणि कुठल्या वस्तीतून तिथवर पायी जायला किती वेळ लागतो.