समान पूर्वज की सामाईक पूर्वज?

प्रश्न असा आहे : माणूस आणि चिंपांझी यांच्याविषयी लिहिताना कुणी ‘समान पूर्वज’ लिहितात, कुणी ‘सामाईक पूर्वज’. दोन्ही चालतील का? आणि ‘माणूस माकडापासून झाला’ हे वाक्य बरोबर आहे का?

मी ‘सामाईक’च्या बाजूचा. ‘समान’ म्हणजे सारखा, बरोबरीचा. दोन घरांच्या भिंती समान असतील तर भिंती दोन. भिंत सामाईक असेल तर ती एकच. आपल्याला इथे एकच पूर्वज सांगायचा आहे. गणितातला विभाजकही आपण ‘सामाईक’च म्हणतो.

उत्क्रांतीविषयी लिहिताना तर हा भेद पुसला की अर्थच बिघडतो. शार्क आणि डॉल्फिन पाहा. तेच निमुळते अंग, पाठीवर तोच तिकोनी पर. पण शार्क मासा, डॉल्फिन सस्तन. वेगाने पोहण्यासाठी सोयीचा म्हणून तो आकार दोघांच्या वंशांत स्वतंत्रपणे घडला. त्यांचाही सामाईक पूर्वज आहे, पण तो ४० कोटी वर्षांहूनही मागे. उलट देवमासे-डॉल्फिन या कुळाचा आज हयात असलेला सर्वांत जवळचा नातलग आहे पाणघोडा! रूप एकाशी जुळते, रक्त दुसऱ्याशी. म्हणजे ‘समान’ हा शब्द रूपाचा, ‘सामाईक’ हा नात्याचा.

आता ‘पासून’. कापसापासून सूत होते तेव्हा कापूस उरत नाही, त्याचेच सूत झालेले असते. ‘माकडापासून माणूस’ म्हटले की तेच चित्र डोळ्यांपुढे येते आणि लगेच शंका निघते : मग आजची माकडे शिल्लक कशी? माझ्या मते ही शंका बरीचशी या ‘पासून’ने निर्माण केली आहे. माणसाची आणि चिंपांझीची वाट सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. फाट्यावरचा तो प्राणी ना आजचा चिंपांझी, ना माणूस. चिंपांझी आपला आजोबा नव्हे, चुलत भाऊ. माकडांचा फाटा त्याहून कितीतरी जुना. म्हणून मी लिहीन : ‘माणूस आणि आजची माकडे एकाच पूर्वजाचे वंशज आहेत.’

तो पूर्वज आज नाही, मग त्याला ‘नामशेष’ म्हणावे का? नामशेष म्हणजे नाव तेवढे उरलेला. माणूस-चिंपांझींच्या सामाईक पूर्वजाला तर अजून नावही नाही. ‘लुप्त’ म्हणा. ‘निर्वंश’ मात्र म्हणू नका, कारण त्याचा वंश आपणच. मॉरिशसचा डोडो सतराव्या शतकात संपला आणि त्याच्यामागे कुणी उरले नाही; ‘निर्वंश’ हा शब्द त्याच्यासाठी. डायनासोरांबाबतही हाच विचार करावा. ६.६ कोटी वर्षांपूर्वी त्यांच्या बहुतेक शाखा निर्वंश झाल्या, एक टिकली. तिलाच आपण पक्षी म्हणतो.