पांझरेच्या पाटाकाठी पहिली सफर

भाऊ, पहिलीच लांबची सायकल असेल तर पिंपळनेरहून धुळ्याकडे निघ. पांझरा त्याच दिशेने वाहते, त्यामुळे एकूण उतारच लागतो. हमरस्ता सोडून नदीकाठच्या गावांतून जा, म्हणजे फड पद्धतीचे (फड म्हणजे एकत्र पाणी घेणाऱ्या शेतांचा गट) शेकडो वर्षांचे दगडी बंधारे दिसतील. बंधाऱ्याला अडलेलं पाणी पाटाने, नुसत्या उतारावर, फडात पोचतं. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी द्यायला पाटकरी. तिथे निवांत थांब. मला तर ही व्यवस्था धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्याइतकीच मोलाची वाटते. पाटाच्या भरावावर सायकल चालवू नकोस, कड ढासळते. बाभळीचे काटे फार, दोन जादा ट्यूब घे. हिवाळ्यातच ये, पावसाळ्यात काळी माती चाकं जागीच धरून ठेवते.