जोड, जोडा, जोडी, जोडपं: नेमका फरक काय?

चारही शब्द ‘जोडणे’ या क्रियापदाच्या कुळातले, पण वाटेल तिथे एकाऐवजी दुसरा चालत नाही. जोडपं म्हणजे बहुधा नवरा-बायको. बैलांची मात्र जोडी. आणि एक बैल गेला की शेतकरी बाजारात उरलेल्याला ‘जोड’ शोधतो, म्हणजे उंचीने, चालीने त्याला शोभेल असा. इथे जोड म्हणजे तोलामोलाचा साथीदार. कुस्तीच्या फडातही तोडीस तोड जोड लावतात, फक्त तिथे साथीदार नसून प्रतिस्पर्धी असतो!

याच शब्दाचा दुसरा अर्थ पूरक भर: शेतीला कुक्कुटपालनाची जोड, म्हणून तो जोडधंदा. तिसरा म्हणजे सांधा, पाइपचा किंवा कापडाचा.

जोडा सगळ्यात गमतीचा. ‘लक्ष्मीनारायणाचा जोडा’ हे कौतुक, आणि पायातलाही जोडाच. खरं तर तो दोनांचा, पण ‘जोडा फेकून मारला’ म्हणताना एकच असतो. बायकांच्या पायाच्या बोटांतली जोडवी, ‘क्ष’सारखं जोडाक्षर, ‘भाजीपाला’सारखा जोडशब्द, हेही याच घरातले.

लिंग सांभाळा: ती जोड (सांधा या अर्थी मात्र बहुधा तो जोड), तो जोडा, ती जोडी, ते जोडपं.