कमी पाण्यावर येणारं, फुलपाखरं-पक्षी येतील असं कोणतं देशी फुलझाड कुंपणाला लावावं?

मुरमाड जमीन, टँकरचं पाणी, मोकाट शेळ्या आणि तरी फुलपाखरं हवीत, असं तुम्ही लिहिलंय. तरवड लावा. माझ्या कुंपणाला तोच आहे. माळावर आणि रस्त्याकडेला आपसूक उगवतो म्हणून बागेत त्याला कोणी विचारत नाही, एवढंच. शेळ्या-गुरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. पावसाळा सरताना पिवळाधमक फुलतो, नवरात्रात माळेला फुलं घरचीच. तेलंगणात तर बतुकम्मा या फुलांच्या सणाला हीच फुलं रचतात, त्यांचं राज्यफूलच आहे ते.

नर्सरीत मागाल तर पिवळ्या फुलांचं भलतंच विदेशी झुडूप हातात पडण्याची शक्यता जास्त. खूण सांगतो: तरवडाच्या पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखं रुंद, गोलसर उपपर्ण, म्हणजे पानासारखंच छोटं अंग असतं. त्यापेक्षा माळावरच्या झाडाच्या वाळलेल्या चपट्या शेंगा आणा. बी टणक असतं. उकळून जरा निवलेलं पाणी ओतून रात्रभर ठेवा, फुगलेलं बी पाऊस लागला की जागेवरच टोका. सोटमूळ खोल जातं, त्यामुळे माळावरून उपटून आणलेलं रोप बहुधा जगत नाही. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी द्या, पुढे गरज नाही. पाणी साचतं तिथे मात्र लावू नका. फुलं फांद्यांच्या शेंड्याला येतात, म्हणून छाटणी पावसाआधी उरका.

फुलात मध नसतो, नुसता पराग, आणि तोही परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रात कोंडलेला. काळा भुंगा फुलाला लटकतो, पंख न हलवता अंग थरथरवतो, आवाज एकदम चढतो आणि पराग त्याच्या पोटावर सांडतो. सकाळी जवळ उभं राहिलात तर हा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

फुलपाखरं येतात ती फुलांसाठी कमी, पानांसाठी जास्त. फिकट पोपटी-पांढरी ‘एमिग्रंट’ फुलपाखरं कोवळ्या पानांवर अंडी घालतात. हिरव्या अळ्या शेंडे कुरतडतात तेव्हा हात औषधाच्या पंपाकडे जाईल. जाऊ देऊ नका; झाड पुन्हा फुटतं. याच अळ्या टिपायला शिंपी आणि वटवट्या हे पक्षी येतात.

फुलातला मध पिणारे शिंजीर पक्षी हवे असतील तर शेजारी धायटीचं एखादं झुडूप लावा. लाल फुलं, भरपूर मध, उन्हाळ्याच्या तोंडाला फुलते आणि एकदा मूळ धरलं की पाण्यासाठी अडत नाही.