पर्यावरणीय कृषिविद्येतल्या आंतरराष्ट्रीय पीएचडीचा दर्जा नेमकं कोण तपासतं, आणि प्रवेश घेण्याआधी तो कसा ओळखायचा?

तुमच्या हातात युरोपातल्या दोन विद्यापीठांच्या संयुक्त पीएचडीची ऑफर आहे, माहितीपत्रकात 'गुणवत्ता हमी' असं ठळक छापलंय, आणि ही हमी देतं कोण नि ती कितपत खरी, हे तुम्हाला कळत नाहीये. पेपरची संख्या आणि रँकिंग यांना किती महत्त्व द्यायचं, हेही तुम्ही विचारलंय. मी अशाच दोन देशांत विभागलेल्या कार्यक्रमातून पीएचडी केली आणि आता अशा विद्यार्थ्यांच्या सल्लागार समित्यांवर बसते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माझं मत सांगून टाकते. कागदावरची हमी बहुतेक ठिकाणी ठीकठाकच असते, तिच्यावरून फारसं काही ठरत नाही. मी एकच गोष्ट बघते: विद्यार्थ्याच्या प्रयोगाचा आराखडा पेरणीच्या आधी एखादा त्रयस्थ माणूस तपासतो का? प्रयोगशाळेत चूक झाली तर पुढच्या आठवड्यात पुन्हा करता येतं. शेतात चूक कळेपर्यंत हंगाम निघून जातो, आणि ३ वर्षांच्या पीएचडीत हंगाम मिळतात दोन, फार तर तीन.

तरी कागदाची बाजू माहीत असलेली बरी. बोलोन्या प्रक्रियेत (युरोपीय देशांनी आपापल्या उच्चशिक्षणाची रचना एकमेकांशी जुळवायला सुरू केलेली) २००३ च्या बर्लिन बैठकीत पीएचडीला बॅचलर आणि मास्टरनंतरचं 'तिसरं चक्र' म्हणून जागा मिळाली. २००५ मध्ये साल्झबर्गला दहा तत्त्वं ठरली, त्यात मूळ संशोधन हाच पीएचडीचा गाभा, कालावधी ३ ते ४ वर्षं, आणि मार्गदर्शनाची जबाबदारी लेखी ठरलेली असावी, असं आहे. २०१५ मध्ये येरेवानला उच्चशिक्षणातल्या गुणवत्ता हमीचे सुधारित युरोपीय निकष मंजूर झाले आणि संयुक्त अभ्यासक्रमांसाठी दोन्ही देशांनी मिळून एकच तपासणी करायची पद्धतही आली. पण अंमलबजावणी देशागणिक वेगळी. जर्मनीत बॅचलर-मास्टरच्या अभ्यासक्रमांना बाहेरची मान्यता लागते, पीएचडीला नाही. तिथे फॅकल्टीचे नियम चालतात. इटलीत पीएचडीच्या अभ्यासक्रमालाही मंत्रालयाची मान्यता लागते, आणि प्रबंध किमान दोन बाहेरच्या तज्ज्ञांकडे जातो. त्यांना वाटलं तर ते सहा महिन्यांपर्यंत सुधारणेसाठी परत पाठवू शकतात. म्हणजे 'आमचा कार्यक्रम मान्यताप्राप्त आहे' या वाक्याचं वजन दोन देशांत सारखं नसतं. मान्यता नसलेला जर्मन कार्यक्रम त्यामुळे हलका ठरत नाही, हेही लक्षात असू द्या.

मला सगळ्यात पटलेली पद्धत फ्रान्सची. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र देखरेख समिती असते आणि दरवर्षी पुन्हा नोंदणी होण्याआधी तिची बैठक व्हावीच लागते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ही बैठक तीन टप्प्यांत होते: आधी कामाचं सादरीकरण, मग गाइडला बाहेर बसवून विद्यार्थ्याशी बोलणं, मग विद्यार्थ्याला बाहेर बसवून गाइडशी. दुसऱ्या टप्प्यात काय काय बाहेर येतं! सादरीकरणात 'नमुने वेळेवर घेतले' म्हणणारा मुलगा दार बंद झालं की सांगतो, की दोन गाइडपैकी एकाने सहा महिन्यांत मेलला उत्तरच दिलेलं नाही, किंवा शेतावरचा मदतनीस दुसऱ्याच प्रकल्पावर पाठवला गेलाय. गाइड समोर बसलेला असताना हे कोण बोलणार? तुमच्या कार्यक्रमात असं एकट्याने बोलायची सोय आहे का, हे जरूर विचारा.

आता पेरणीकडे येऊ. युरोपात शैक्षणिक वर्ष साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होतं आणि हिवाळी गव्हाची पेरणीही बहुतेक ऑक्टोबरलाच. विद्यार्थी येतो, बँक खातं आणि राहायची जागा शोधतो, आणि तोवर त्याच्या प्रयोगाचे प्लॉट कोणीतरी आखून पेरून मोकळं झालेलं असतं. समितीची पहिली बैठक मात्र नियमाप्रमाणे पहिलं वर्ष संपताना. नियम पाळला, फाइल पूर्ण, आणि पहिला हंगाम कोणी न तपासलेल्या आराखड्यावर गेला! चांगले कार्यक्रम इथेच वेगळे ओळखू येतात. ते एकतर पहिला हंगाम उघडपणे 'तयारीचा' मानतात, किंवा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच प्रोटोकॉल (प्रयोग कसा करायचा याची सविस्तर पद्धत) लेखी मागवून संख्याशास्त्राच्या माणसाकडून वाचून घेतात.

संख्याशास्त्राचा माणूस कशाला, असं वाटेल. एक उदाहरण घ्या. शेताच्या एका अर्ध्यात नांगरणी, दुसऱ्यात बिननांगरणी, प्रत्येकातून मातीचे ३० नमुने. विद्यार्थी लिहितो, पुनरावृत्ती (म्हणजे एकच प्रक्रिया जमिनीच्या किती स्वतंत्र तुकड्यांना दिली तो आकडा) ३०. खरी पुनरावृत्ती एकच आहे, कारण नांगरणीची प्रक्रिया जमिनीच्या एकाच तुकड्याला मिळाली. तो तुकडा मुळातच जरा खोलगट आणि ओलसर असेल तर फरक नांगरणीचा की उताराचा, हे कोणीच सांगू शकत नाही. परिसरशास्त्रज्ञ हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये परिसरशास्त्रातले १७६ प्रायोगिक अभ्यास तपासले, तेव्हा संख्याशास्त्रीय कसोट्या लावणाऱ्या अभ्यासांपैकी ४८ टक्क्यांत हा दोष सापडला. गंमत म्हणजे यादृच्छिक मांडणीचं (कोणत्या तुकड्याला कोणती प्रक्रिया हे चिठ्ठ्या टाकून ठरवण्याचं) तंत्र संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात शेतातल्याच प्रयोगांच्या निमित्ताने उभं केलं, आणि शंभर वर्षांनी आम्ही समितीत बसून तेच समजावतोय. हा दोष व्हायवाच्या, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेच्या, दिवशी सापडून उपयोग नाही. तेव्हा परीक्षकाच्या हातात प्रबंध परत पाठवण्याशिवाय काही राहत नाही, आणि सहा महिन्यांत नवीन प्लॉट उगवत नाहीत.

दोन देशांच्या कार्यक्रमात आणखी एक अडचण असते, ती म्हणजे दोन प्रयोगशाळा. मातीतल्या सेंद्रिय कर्बाचंच (कार्बनचंच) बघा. एक प्रयोगशाळा १९३४ पासून चालत आलेली वॉकली-ब्लॅक पद्धत (रसायनांनी कर्बाचं ऑक्सिडीकरण करून मोजायची) वापरते, दुसरी नमुना जाळून कर्ब मोजते. वॉकली-ब्लॅकमध्ये सरासरी ७६ टक्क्यांच्या आसपासच कर्बाचं ऑक्सिडीकरण होतं, म्हणून उत्तराला साधारण १.३ ने गुणतात. काही प्रयोगशाळा गुणतात, काही नाही, आणि अहवालात ते लिहिलेलं नसतं. माती तीच, कर्ब १.६ टक्के, एकीकडून उत्तर येतं १.२, दुसरीकडून १.६. पहिल्या वर्षाचे नमुने पहिल्या देशात तपासले, तिसऱ्या वर्षाचे दुसऱ्या देशात, आणि मधे आच्छादन पीक (मुख्य पिकांच्या मधल्या काळात जमीन झाकायला घेतलेलं) घेतलेलं असलं, की निष्कर्ष आयताच तयार: आच्छादन पिकाने कर्ब वाढला!

इथे कोणीतरी पेन्सिल घेऊन हिशोब करायला हवा. ३० सेंटिमीटर थर आणि मातीची घनता १.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली तर हेक्टरी ३,९०० टन माती. तिच्यात ०.४ टक्के वाढ म्हणजे साडेपंधरा टन कर्ब, वर्षाला पाच टनांहून जास्त. आच्छादन पिकांवरच्या प्रयोगांचं २०१५ मध्ये एक मोठं एकत्रित विश्लेषण झालं, त्यात सरासरी वाढ वर्षाला हेक्टरी ०.३२ टन निघाली होती. म्हणजे हा विद्यार्थी पंधरापटीहून जास्त वाढ दाखवतोय. हे ज्या समितीच्या नजरेतून सुटतं तिला दर्जा तपासणारी समिती म्हणू नये. (चुनखडीच्या जमिनीत उलटा घोळ होतो: आम्ल घालून चुना काढून न टाकता जाळलं तर चुन्यातला कर्बही सेंद्रिय म्हणून मोजला जातो.) उपलब्ध स्फुरदाचंही (फॉस्फरसचंही) तसंच. तो मोजायच्या ओल्सन आणि मेहलिक-३ या दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, तरी लोक करतात.

म्हणून जमलं तर प्रयोगशाळेचं एक पान बघायला मागा. चांगल्या प्रयोगशाळेत एकाच मातीचा मोठा साठा वाळवून, चाळून ठेवलेला असतो आणि प्रत्येक खेपेला त्यातला एक नमुना इतरांबरोबर चालवतात. त्याचं उत्तर दर वेळी एका आलेखावर टिंब म्हणून पडतं. मधली रेघ सरासरीची, वर-खाली मर्यादेच्या रेघा. टिंब मर्यादेबाहेर गेलं तर ती सगळी खेप पुन्हा. तो आलेख भिंतीवर किंवा संगणकावर दोन मिनिटांत दाखवला गेला तर निर्धास्त राहा. 'शोधून पाठवतो' असं उत्तर आलं तर काय ते समजून जा. अन्न आणि कृषी संघटनेने २०१७ मध्ये माती प्रयोगशाळांचं जागतिक जाळं, ग्लोसोलान, याच कारणासाठी सुरू केलं. एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना पाठवून उत्तरं ताडून पाहण्याच्या योजना आहेत. दोन्ही भागीदार अशा एखाद्या योजनेत आहेत का, हा प्रश्न अगदी रास्त आहे. मातीचे नमुने सीमेपलीकडे न्यायचे असतील तर परवान्याचंही विचारा, कारण युरोपीय संघाबाहेरून माती आणायला सर्वसाधारण बंदी आहे आणि संशोधनासाठी वेगळी परवानगी काढावी लागते.

मातीतून निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइड या हरितगृह वायूवर काम असेल तर आणखी एक. खत आणि पाऊस एकत्र आले की हा वायू काही दिवस उसळतो आणि पुन्हा खाली बसतो. दर सोमवारी नमुना घेणारं वेळापत्रक कागदावर नेटकं दिसतं आणि नेमकी उसळीच चुकवतं. पावसानंतर रविवारी शेतावर जायला गाडी आणि माणूस मिळेल का, हा तिथला दर्जाचा प्रश्न आहे.

पेपरच्या संख्येबद्दल तुम्ही विचारलंत. 'किमान ३ पेपर' अशी अट असलेला कार्यक्रम कडक वाटतो. मला ती अट शेतातल्या कामासाठी घातक वाटते. शेतप्रयोगावरचा पेपर घेताना अनेक नियतकालिकं एकाच हंगामाच्या डेटावर समाधान मानत नाहीत. दोन हंगाम झाल्यावर लिहायचं, परीक्षण व्हायचं, आणि हे सगळं तिसऱ्या वर्षात. साहजिकच हुशार मुलं शेत सोडून कुंड्यांकडे वळतात, कारण कुंडीतला प्रयोग तीन महिन्यांत आटोपतो. पर्यावरणाचे प्रश्न कुंडीत मावत नाहीत, पण अट पूर्ण होते. रँकिंगबद्दल एवढंच, की ते सबंध विद्यापीठाचं असतं, तुमच्या गाइडचं नव्हे.

प्रवेशाआधी जुन्या विद्यार्थ्यांना गाठा, त्यातही ज्यांनी मधेच सोडलं त्यांना. किती जणांनी सुरू केलं, किती जणांनी किती वर्षांत संपवलं, हा आकडा समन्वयकाकडे असायलाच हवा. दोन गाइडमध्ये मतभेद झाले तर निर्णय कोणाचा, कच्चा डेटा कुठे राहणार आणि गाइड बदलला तर तो कोणाचा, व्हायवा कोणत्या विद्यापीठाच्या नियमांनी, पदवी एक की दोन, हे करारात लिहिलेलं असतं. कराराचा मसुदा मागितला तर कोणी वाईट वाटून घेत नाही.

आणि शेवटी पैसे. फेलोशिप ३६ महिन्यांची असेल तर ती बहुधा प्रबंध सादर करण्याच्या सुमारास संपते. बाहेरच्या परीक्षकांचं वाचन, सुधारणा, व्हायवा हे सगळं त्यानंतर. त्या काळात पगार, आरोग्य विमा आणि राहण्याचा परवाना कोणत्या विद्यापीठाच्या जिवावर चालणार, हे करारात नसेल तर सही करण्याआधी दोन्ही समन्वयकांकडून मेलवर लिहून घ्या.