'जर्मिनल सेंटर'ला जंतुकेंद्र म्हणावे का?

लसिकाग्रंथीच्या (लिम्फ नोडच्या) तपासणी अहवालातील 'रिॲक्टिव्ह जर्मिनल सेंटर्स' या शब्दांचे भाषांतर 'प्रतिक्रियाशील जंतुकेंद्रे' असे केलेले आढळले. ते बरोबर आहे का, आणि नसल्यास मराठीत काय लिहावे, असा प्रश्न आहे. हे भाषांतर चुकीचे आहे आणि ही चूक निरुपद्रवी नाही, कारण ते वाचणाऱ्याला ग्रंथीत जंतूंनी ठाण मांडल्यासारखे वाटेल. प्रत्यक्षात ही शरीराच्या प्रतिकारयंत्रणेची, प्रतिपिंडे (अँटिबॉडी) अधिकाधिक अचूक करण्याची जागा आहे.

येथील 'जर्म'चे मूळ लॅटिन 'गेर्मेन' या शब्दात असून त्याचा अर्थ कोंब किंवा अंकुर असा होतो. गव्हाच्या दाण्यातील अंकुराला इंग्रजीत आजही 'जर्म'च म्हणतात. रोगजंतू हा अर्थ रोगाचे बीज या कल्पनेतून नंतर आला. केंद्राचे नाव मुळात जर्मन आहे. १८८० च्या दशकात वाल्टर फ्लेमिंग यांनी (पेनिसिलीनचे फ्लेमिंग ते वेगळे, 'मायटोसिस' ही संज्ञा या फ्लेमिंग यांची) लसिकाग्रंथीत विभाजन पावणाऱ्या पेशींचे पुंजके पाहिले, आणि लसिकापेशी (लिम्फोसाइट) येथेच जन्मत असाव्यात असे समजून त्यांना 'काइमत्सेंट्रुम', म्हणजे अंकुरांचे केंद्र, असे नाव दिले. त्यांची ही समजूत पुढे टिकली नाही. बी पेशी, म्हणजे पुढे प्रतिपिंडे बनवणाऱ्या लसिकापेशी, अस्थिमज्जेत तयार होतात आणि येथे येतात त्या प्रतिजनाची, म्हणजे शरीराला परक्या वाटणाऱ्या पदार्थाची, ओळख पटल्यावरच.

केंद्र कसे घडते हे पाहिले म्हणजे शब्द निवडणे सोपे जाते. प्रतिजनाशी गाठ पडलेली बी पेशी पुटकाच्या (लसिकाग्रंथीतील बी पेशींच्या गोलसर पुंजक्याच्या) कडेला साहाय्यक टी पेशीला, म्हणजे तिला मदत करणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या लसिकापेशीला, भेटते. तिचा दुजोरा मिळालेल्या काही बी पेशी पुटकात शिरून झपाट्याने विभागू लागतात आणि साधारण आठवड्याभरात केंद्र आकाराला येते. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे गडद आणि फिकट असे दोन भाग दिसतात. गडद भागात सेंट्रोब्लास्ट नावाच्या पेशी दाटीवाटीने विभागत असतात, आणि एआयडी हे विकर (एन्झाइम) त्यांच्या प्रतिपिंडांच्या जनुकांत बदल घडवत असते. या बदलांचा वेग एरवीच्या उत्परिवर्तनापेक्षा लाखो पटींनी जास्त असतो. बदल मात्र आंधळे असतात, म्हणून लगेच पारख करावी लागते. ती फिकट भागात होते. तेथील पुटकीय डेंड्रायटिक पेशींनी आपल्या पृष्ठभागावर प्रतिजन धरून ठेवलेले असते. ज्या बी पेशीचा ग्राही (प्रतिजन पकडणारे पृष्ठभागावरील प्रथिन) त्याला अधिक घट्ट चिकटतो, ती अधिक प्रतिजन ओढून घेते, त्याचे तुकडे टी पेशींपुढे मांडते आणि त्यांची मदत मिळवते. ज्यांना मदत मिळत नाही त्या मरतात व भक्षकपेशी त्यांचा फडशा पाडतात. निवडलेल्यांपैकी काही पुन्हा गडद भागात जाऊन नव्या बदलांना सामोऱ्या जातात. काही प्रतिपिंडे स्रवणाऱ्या प्लाझ्मापेशी, तर काही स्मृतिपेशी होऊन केंद्राबाहेर पडतात. जन्मजात दोषामुळे ज्यांच्या टी पेशी 'सीडी ४० लायगँड' हे प्रथिन बनवू शकत नाहीत, त्यांच्यात ही केंद्रे तयारच होत नाहीत.

मग शब्द कोणता? 'जननकेंद्र' व्याकरणाने निर्दोष आहे, पण 'जनन' म्हटले की वाचकाचे मन प्रजननाकडे जाते, शिवाय फ्लेमिंग यांची जुनी समजूतही त्यातून परत येते. 'बीजकेंद्र' ऐकायला गोड आहे, परंतु 'बीज'ला अंडबीज, बीजांड, बीजाणू अशी इतकी नाती आहेत की अर्थ निसटतो. माझी पसंती 'अंकुरकेंद्र' या शब्दाला आहे. तो मूळ अर्थाशी प्रामाणिक आहे आणि पेशींची झपाट्याने होणारी वाढ सुचवतो. निवड आणि मरण यांचा त्यात मागमूस नाही हे खरे, पण तो मूळ नावातही नाही. गंमत म्हणजे सेंट्रोब्लास्टमधील 'ब्लास्ट'चाही स्फोटाशी काही संबंध नाही. ग्रीक 'ब्लास्टॉस' म्हणजेही कोंबच. सर्वसाधारण वाचकासाठी लिहिताना पहिल्या उल्लेखात 'जर्मिनल सेंटर, म्हणजेच अंकुरकेंद्र' असे लिहावे.

राहिला 'रिॲक्टिव्ह'. 'प्रतिक्रियाशील' रसायनशास्त्रात शोभते; येथे मात्र केंद्रे कशाच्या तरी प्रतिसादात उभी राहिली आहेत, एवढेच सांगायचे असते. अशा केंद्रांत गडद-फिकट विभागणी आणि मृत पेशी गिळलेल्या भक्षकपेशी सहसा दिसतात, तर फॉलिक्युलर लिम्फोमा या कर्करोगात ती विभागणी बहुधा नाहीशी होते; म्हणूनच अहवाल लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हे विशेषण महत्त्वाचे असते. ते वाक्य मी असे लिहीन: 'लसिकाग्रंथीत प्रतिकारप्रतिसादातून निर्माण झालेली अंकुरकेंद्रे दिसतात.'